पाणबुडीवरील तोफ आणि ‘तिलावा’

जबलपुरात तोफ हा शब्द कोणासही परका नाही. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धात खमरियास दारूगोळ्याचा कारखाना निघाला. गोरखपूरसारख्या वस्तीत बिऱ्हाड थाटलेल्या आम्हां मराठी नोकरदारांचा या कारखान्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय. तरीही पाणबुडीवर तोफ असे, हे ऐकून आमच्यापैकी पुष्कळांस नवल वाटते. पाण्याखालून टॉर्पेडो सोडणाऱ्या बोटीला तोफेचे काय काम?

काम दुहेरी होते. टॉर्पेडो महाग आणि मोजके. मोठ्या पाणबुडीवरही ते वीसपंचवीसच्या आत. लहान गलबतावर तो खर्च करणे परवडत नसे. यू-१८८ या जर्मन पाणबुडीने १९४४ च्या आरंभी अरबी समुद्रात सात गलबते बुडविली, ती तोफेनेच. दुसरे काम कायद्याचे. १९३६ च्या लंडन करारावर जपान आणि हिंदुस्थान या दोहोंच्याही सह्या होत्या. व्यापारी जहाज बुडविण्यापूर्वी त्यावरील माणसे सुरक्षित स्थळी पोहोचविली पाहिजेत, असा त्याचा दंडक होता. तो पाळायचा तर पाण्यावर येऊन, तोफ रोखून जहाज थांबवावे लागे. रायफली आणि पिस्तुले झडतीस जाणाऱ्या तुकडीच्या हाती देता येत. म्हणजे ही तोफ संहाराचे साधन होती, तशीच इशारा देण्याचेही.

परंतु पाणबुडीचे कवच भेदणारा एक गोळाही तिला पुन्हा बुडी मारण्यास असमर्थ करी. व्यापारी जहाजांवर स्वसंरक्षणार्थ तोफा बसताच पाण्यावर येणे म्हणजे प्राण पणास लावणे ठरले. मग इशारा मागे पडला आणि न दिसता प्रहार करणे हीच रीत झाली.

या रीतीची झळ मुंबईस लागली. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ ही आगबोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ९५८ माणसे होती, त्यांत चार तोफची. २३ तारखेस मध्यरात्रीनंतर आय-२९ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिच्यावर आदळला. उतारू होड्यांत उतरले. बोट तरंगते आहे असे पाहून काही परतही चढले. तोच दुसरा टॉर्पेडो आला. २८० जीव गेले. आय-२९ वर १४ सेंटिमीटरची तोफ होती, पण इशाऱ्यासाठी तिचा उपयोग झाला नाही.

पाणबुडी वर आली म्हणजे दया आलीच, असेही नव्हे. जुलै १९४४ मध्ये आय-८ ने ‘जीन निकोलेट’ या अमेरिकन जहाजाच्या लोकांना पाण्यातून उचलून डेकवर घेतले, आणि तेथेच त्यांची कत्तल आरंभिली. वाचलेल्या २३ जणांना हिंदी नौदलाच्या ‘होक्सा’ने उचलले. शत्रूचा चेहरा समोर दिसूनही हात आवरला नाही.

आता त्याच आय-२९ ची दुसरी नोंद पाहा. १९३९ साली जबलपूरजवळ त्रिपुरी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषबाबू फेब्रुवारी १९४३ मध्ये यू-१८० या जर्मन पाणबुडीने निघाले. २८ एप्रिलला, मादागास्करच्या आग्नेयेस, खवळलेल्या समुद्रात ते आणि आबिद हसन रबरी होडीतून जपानी पाणबुडीवर पोहोचले. ती आय-२९ होती. ‘तिलावा’ बुडून तेव्हा पुरते सहा महिनेही झाले नव्हते.

त्रिपुरीचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस हा योग अवघड वाटतो. सुभाषबाबूंच्या साहसाला त्याने उणेपणा येत नाही. आपल्याला नेणारी बोट त्यांनी निवडलेली नव्हती. पण त्या प्रवासाचे स्मरण करताना मुंबईहून निघालेले ते उतारू आम्ही विसरू नयेत. ‘तिलावा’वरील चांदी २०१७ मध्ये समुद्रतळातून वर काढली गेली, आणि तिच्यावरचा वाद २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. चांदीच्या २,३६४ लगडी मोजल्या गेल्या. त्या २८० जणांची आठवण ठेवणे मात्र कोणत्याही न्यायालयाचे काम नव्हे. ते आमचे आहे.