अल्प खर्चातील ब्रिटिश परग्रह-आक्रमणपट : आकर्षणाची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना :

परग्रहावरील जीवांनी पृथ्वीवर चढाई करावी, ही कल्पना एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीने इंग्रजी साहित्यात रूढ केली. युरोपीय वसाहतवाद्यांनी टास्मानियातील मूलनिवासींचा जो संहार केला, त्याचे स्मरण वेल्स यांनी कादंबरीच्या आरंभीच करून दिले आहे. राज्य करणाऱ्यांवरच कोणी राज्य लादले तर काय होईल, हा प्रश्न तेव्हापासून ब्रिटिश कल्पनाविश्वात रुजला. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य ओसरू लागल्यावर तो चित्रपटांत नव्याने अवतरला. हे चित्रपट बहुधा तुटपुंज्या भांडवलावर निर्माण झाले. तरीही सहा-सात दशकांनंतर त्यांना प्रेक्षक आहे. या आकर्षणाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साधनांची टंचाई आणि ओळखीची जागा :

या परंपरेचा पाया दूरचित्रवाणीने घातला. नायजेल नील यांनी लिहिलेली ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका बीबीसीने जुलै-ऑगस्ट १९५३ मध्ये थेट प्रक्षेपित केली. अंतराळातून परतलेला प्रवासी हळूहळू अमानुष प्राण्यात रूपांतरित होतो आणि अखेरीस वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रार्थनामंदिरात आश्रय घेतो. राक्षस उभा करण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा नील यांनी स्वतःचे हातमोजे घातलेले हात ॲबेच्या मोठ्या छायाचित्रातून बाहेर काढून तो प्राणी साकारला. त्याच वास्तूतील राणीचा राज्याभिषेक २ जून रोजी लक्षावधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. तीन महिन्यांच्या आतच तेथे परका जीव ठाण मांडून बसलेला दिसावा, यातील धक्का केवळ हातमोज्यांचा नव्हता. तो जागेचा होता.

हॅमर या संस्थेने १९५५ मध्ये याच कथेवर सुमारे ४२ हजार पौंडांत चित्रपट काढला. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट यांनी त्याला वार्तापटाचा बाज दिला. शेतात कोसळलेले अग्निबाण, धावत आलेले अग्निशमन दल आणि भोवती जमलेले गावकरी या दृश्यांना महागडी सजावट लागत नाही. जर्मन बॉम्ब व व्ही-२ अग्निबाण ज्यांनी दहा वर्षांपूर्वी अनुभवले होते, त्या प्रेक्षकांना आकाशातून पडणारी वस्तू ही कविकल्पना वाटण्याचे कारण नव्हते. ‘डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स’ (१९५४) या चित्रपटाची कथा तर स्कॉटलंडमधील एका आडबाजूच्या खानावळीभोवतीच फिरते. जॉन विंडम यांच्या कादंबरीवरील ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ (१९६०) मध्ये एक संपूर्ण खेडे काही तास बेशुद्ध पडते आणि पुढे तेथील स्त्रियांच्या पोटी विलक्षण मुले जन्मतात. येथे यान नाही, सैन्याची लढाई नाही. शाळेत बसलेली मुले आहेत आणि त्यांना घाबरणारे आईबाप आहेत.

कारखाना, गाव आणि मौन :

‘क्वाटरमास २’ (१९५७) हा या गटातील विशेष लक्षणीय चित्रपट होय. एक खेडे उठवून तेथे प्रचंड कारखाना उभा राहिला आहे. तेथे कृत्रिम अन्न तयार होते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो परग्रहवासीयांचा तळ असतो. शेजारच्या नव्या वसाहतीतील कामगारांना काहीतरी विपरीत घडत असल्याची जाणीव आहे, पण रोजगाराच्या धाकाने ते बोलत नाहीत. चित्रीकरण एसेक्समधील शेल हेवन येथील खऱ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात झाले. उभारण्यास पैसा नसल्याने घेतलेल्या या खऱ्या नळ्या व टाक्यांनी दृश्यांना विश्वसनीयता दिली.

धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या, तेरणा सहकारी साखर कारखान्याशी ज्याचे अर्थजीवन जोडले गेले अशा गावातील वाचकाला या कथेचा सामाजिक गाभा समजावून सांगावा लागत नाही. कारखाना सहकारी असो वा परक्यांचा, गावाची चूल त्यावर अवलंबून असली म्हणजे प्रश्न विचारणे सोपे राहत नाही. परग्रहवासी हा येथे निमित्तमात्र ठरतो.

‘क्वाटरमास अँड द पिट’ (मालिका १९५८-५९, चित्रपट १९६७) याच्याही पुढे जाते. लंडनमधील खोदकामात सापडलेले मंगळवासीयांचे यान पन्नास लक्ष वर्षांपूर्वीचे असून वंशद्वेषाची प्रवृत्ती त्यांनीच मानवात रुजविली, असे तेथे उघड होते. नॉटिंग हिल येथील वांशिक दंगली १९५८ च्या उन्हाळ्याअखेरीसच घडल्या होत्या. आक्रमण अगोदरच झालेले आहे आणि त्याचा वारसा आपल्या रक्तात आहे, हे त्या समाजाला ऐकवणे धाडसाचे होते.

भारतीय व मराठी संदर्भ :

भारतातही १९६७ मध्ये दारा सिंग यांचा ‘चाँद पर चढाई’ आणि ‘वहाँ के लोग’ हे अंतराळविषयक हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले. यांपैकी पहिल्यातील दिशा उलट आहे : परके येथे येत नाहीत, आपला मल्लच चंद्रावर जातो. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे स्वप्न झेपेचे होते. साम्राज्य गमावणाऱ्या देशाला दुःस्वप्न आक्रमणाचे पडत होते.

मराठीत हा धागा डॉ. जयंत नारळीकर यांच्यापर्यंत येतो. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हे बीबीसीच्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ (१९६१) या मालिकेचे सहलेखक होते. तीत परग्रहवासी येत नाहीत, केवळ संदेश येतो आणि त्यानुसार घातक यंत्र माणूसच उभारतो. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही खोदकामात हाती लागलेल्या लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून यंत्रमानव घडविला जातो. प्रभावाचा दावा न करताही हे साम्य सूचक ठरते. दोन्हीकडे संकटाला दार माणसाची जिज्ञासाच उघडते.

समारोप :

सारांश, अल्प भांडवलामुळे या चित्रपटांना भव्य युद्धे टाळून खेडे, शाळा, खानावळ आणि कारखाना यांचा आश्रय घ्यावा लागला आणि त्यामुळेच भय प्रेक्षकाच्या उंबरठ्यापर्यंत आले. महागड्या देखाव्यातील नवल तंत्र बदलताच शिळे होते. परक्याच्या येण्याने गावातील माणसे एकमेकांशी कशी वागतात, कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो, हा प्रश्न मात्र शिळा होत नाही. ज्या समाजाने परकी सत्ता प्रत्यक्ष अनुभवली, त्याला तर तो अधिकच जवळचा वाटावा.