रंगवलेलं वल्हं पुरावा कसा होतं?

शिवथरच्या खाली, महाडपर्यंत सावित्रीतून एकेकाळी होड्या येत. वल्हं म्हणजे पाण्यात झिजायची वस्तू. त्यावरची नक्षी इतिहासकाराच्या हाती क्वचितच लागते. म्हणून माओरी वल्ह्यांचं उदाहरण बघा.

१२ ऑक्टोबर १७६९. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजाजवळ माओरी होड्या आल्या. लोकांनी अंगावरचे कपडे आणि चक्क वल्हीसुद्धा देवघेवीत दिली, असं जोसेफ बँक्सच्या रोजनिशीत आहे. जहाजावरचा चित्रकार सिडनी पार्किन्सन याने तीन वल्ह्यांची चित्रं काढली. पात्यावर तांबड्या गेरूतली वळणदार नक्षी: कोफाइफाइ. आज ती सभागृहांच्या वाशांवरून ओळखली जाते, पण वल्ह्यांवरचे नमुने हे तिच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी आहेत. तेव्हा ती घरावरूनच वल्ह्यावर आली, असं आधीच धरून चालू नका.

नुसत्या वल्ह्याला तारीख नसते. वस्तू, चित्र आणि रोजनिशी शेजारी ठेवली की ती मिळते. मात्र चित्र आणि रोजनिशी दोन्ही जहाजावरच्यांची. ज्याने गेरू कालवला त्याचं नाव त्यांत नाही. एरवी ब्रिटनमधल्या संग्रहालयांत असलेली काही वल्ही २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या गिझबर्नला प्रदर्शनासाठी गेली. उसनी म्हणून.