वज्रेश्वरीची उष्णोदक तीर्थे : इतिहास आणि आचार

'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ उतार किंवा घाट, म्हणजे पाण्यात उतरण्याची अथवा पाणी ओलांडण्याची जागा, असा आहे. पाणी निसर्गाने दिलेले असते. घाट मात्र मनुष्याने बांधावयाचा असतो आणि तो राखावयाचाही त्यानेच असतो. ठाणे जिल्ह्यातील तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे जी ऊन पाण्याची कुंडे आहेत, त्यांचा इतिहास पाहिला असता या मूळ अर्थाचे मर्म चांगले ध्यानात येते.

कोकणात अशा झऱ्यांस उन्हाळे म्हणण्याचा प्रघात आहे. पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही गावे या पाण्यावरूनच ओळखली जातात. मध्यप्रदेशातील भाविकांस पचमढीच्या परिसरातील अनहोनीचे ऊन पाणी परिचित आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील पट्ट्यात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अशा झऱ्यांची जणू एक माळच ओवलेली आहे. तिचा उत्तरेकडील ठळक मणी म्हणजे तानसेच्या काठचा हा परिसर होय. अकलोलीचे काही झरे तर नदीच्या पात्रालगतच असून पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जातात व पूर ओसरला की पुन्हा वाफाळू लागतात.

देवीच्या कथेत इंद्राचे वज्र आहे, वसिष्ठांचा यज्ञ आहे आणि दैत्यांचा संहार आहे. संहार झालेल्या दैत्यांच्या रक्तामुळे हे पाणी ऊन राहिले, असे लोक श्रद्धेने सांगतात. मंदिर ज्या मंदागिरी टेकडीवर आहे, ती यज्ञातील भस्माची झाली, अशीही समजूत आहे. भूमीच्या पोटात अग्नी आहे आणि तो मनुष्याच्या हाताबाहेरचा आहे, ही जाणीव या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेविली.

देवीचे मूळ स्थान येथून उत्तरेस गुंज येथे होते आणि पोर्तुगीजांच्या अंमलात त्या देवालयाचा विध्वंस झाल्यामुळे देवी वडवलीस आली, असे परंपरा सांगते. तेच वडवली आज वज्रेश्वरी या नावाने प्रसिद्ध आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली होती. तिच्या मुक्ततेसाठी चिमाजी आप्पांनी मोहीम चालविली असता, किल्ला हाती आल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला, असे सांगितले जाते. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. त्यानंतर सुभेदार शंकर केशव फडके यांनी मंदिर उभारिले आणि नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधिला. दगडी तटबंदीमुळे हे देवालय आजही एखाद्या लहान किल्ल्यासारखे दिसते. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. मंदिर युद्धामुळे स्थलांतरित झाले, राज्ये आली आणि गेली. ऊन पाणी मात्र होते तेथेच वाहत राहिले. इंग्रजी अंमलात १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही वज्राबाईच्या या झऱ्यांची नोंद घेतली आहे.

विसाव्या शतकात या परिसरास नवे तेज आले. १९३६ च्या सुमारास भगवान नित्यानंद गणेशपुरीस भीमेश्वराच्या सान्निध्यात येऊन राहिले. त्या वेळी येथे दाट रान होते. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी समाधी घेतली, तोपर्यंत त्या रानाचे क्षेत्र झाले होते. भीमेश्वरासमोरील कुंडांत स्नान करावे आणि मग दर्शनास जावे, हा परिपाठ भक्तांमध्ये रुळला. पहाटेच्या गारव्यात उघड्या आकाशाखाली वाफाळत्या पाण्यात उतरणे हा केवळ देहाचा आराम नव्हे. दर्शनापूर्वी मन शांत करण्याची ती एक पायरी आहे.

भूशास्त्राच्या मते हे पाणी ज्वालामुखीचे नाही. ज्या लाव्हापासून दख्खनचा काळा पाषाण बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला. भूपृष्ठाखाली जसजसे खोल जावे, तसतशी उष्णता दर किलोमीटरास सामान्यतः २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल उतरते, तेथे तापते, वाटेतील क्षार विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. म्हणजे आज आपल्या अंगावर येणारे पाणी हा कधीतरी पूर्वी पडलेला पाऊसच होय. यावरून हेही उघड होते की, हा ठेवा अक्षय नाही. पाणी मुरण्याहून उपसणे अधिक झाले, तर झरा क्षीण होणारच.

न्यूझीलंडमधील रोटोरुआ येथे हाच अनुभव आला. घरोघरी आणि विश्रामगृहांत ऊन पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या उसळणारे झरे व कारंजी मंदावली. अखेर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने मुख्य कारंजाभोवतीच्या दीड किलोमीटर परिसरातील कूपनलिका बंद करविल्या आणि मग झरे हळूहळू सावरू लागले. माओरी लोक ज्या झऱ्यांस पूर्वजांचा ठेवा मानतात, ते संयमानेच वाचले. आपल्या कुंडांच्या परिसरातही आता विश्रामगृहे झाली आहेत. अशा वेळी हे उदाहरण सर्वांनी ध्यानी ठेवावे.

आपल्या धर्मनिबंधांनी गंगेच्या पात्रात शौच, अंग चोळणे, जलक्रीडा, वस्त्र टाकणे ही कर्मे वर्ज्य सांगितली आहेत. तोच नियम येथेही लागू करावा. अंग बाहेर धुऊन मगच कुंडात उतरावे. साबण, तेल, निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यापासून दूर ठेवावे. पाण्याची ऊब प्रथम हाताने पाहावी आणि कुंडात फार वेळ बसू नये. वृद्धांनी व हृदयविकार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून त्यात उतरू नये. पावसाळ्यात नदीच्या पात्राकडे जाण्याचे साहस तर कोणीच करू नये.

चिमाजी आप्पांच्या नवसाचे मंदिर झाले, गायकवाडांचा नगारखाना झाला, नित्यानंदांच्या वास्तव्याने रानाचे क्षेत्र झाले. पाणी मात्र यांपैकी कोणीच निर्माण केले नाही. प्रत्येकाने त्या पाण्याशेजारी आपल्या शक्तीनुसार काही सेवा केली. आजच्या भाविकांच्या वाट्याला आलेली सेवा लहान, पण कठीण आहे. आपल्यामागून येणाऱ्यास ते पाणी तितकेच ऊन आणि तितकेच निर्मळ मिळावे, एवढी दक्षता त्यांनी घेतली, म्हणजे त्यांचे तीर्थस्नान सफळ झाले असे म्हणावयास हरकत नाही.