वीरगळावर भावंड नसतं

२००९ या एका वर्षात गडचिरोलीत माओवाद्यांनी तीन मोठे हल्ले केले. १ फेब्रुवारीला मरकेगावजवळ १५ पोलीस गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा इथे १६, त्यांत पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही बेरीज लगेच जमते: ४८. त्यांची धाकटी भावंडं मात्र कुठल्याच बेरजेत येत नाहीत.

गडचिरोली पोलिसांनी १९९० मध्ये साठ जवानांचं खास पथक उभं केलं, म्हणून नाव 'सी-६०'. त्यात मुद्दाम इथलीच मुलं घेतली. त्यांना गोंडी-माडिया येते, जंगलातल्या वाटा पाठ असतात. पण त्यामुळे मरणही परमुलखात राहत नाही. कारगिलमध्ये गेलेल्या जवानाच्या भावाला ते डोंगर रोज दिसत नाहीत. इथे दादा जिथे पडला, तो रस्ता कदाचित बाजाराचाच असतो.

दादा नोकरीला लागला की धाकट्याची फी, सायकल, मोबाइल त्याच्या पगारातून येतो. तो गेल्यावर लोक आईबापाला भेटायला येतात, वहिनीजवळ बसतात. पंधरा वर्षांच्या पोराला जो तो एकच सांगतो, "आता तुलाच बघायचंय सगळं." त्याची रडायची पाळी येण्याआधी जबाबदारी येते.

हे आजचंच नाही. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. सतीशिळेवर बायकोचा कांकण भरलेला हात असतो. भावंडासाठी शिल्पकाराने चौकट ठेवलेली नाही.

सरकारी नियमाने ती ठेवली आहे, पण अटीवर. अनुकंपा नोकरीसाठी भाऊ किंवा बहीण पात्र ठरते ती कर्मचारी अविवाहित असेल आणि भावंड सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असेल तरच. म्हणजे कागद विचारतो, तू त्याच्यावर किती अवलंबून होतास? पगाराचा हिशेब देता येतो. अंधारात बाहेर जाताना बरोबर कोण यायचं, याला रकाना नाही. आणि पात्र ठरलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर मिळणारी वर्दी बहुधा तीच असते.

दुसऱ्या बाजूलाही भावंडं आहेत. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या चकमकीनंतर इंद्रावतीतून माओवाद्यांचे मृतदेह निघत राहिले. कुणाची चूक, हा वाद मोठ्यांचा. त्या मृतांच्या घरच्या धाकट्याला तर उघड रडणंही महाग.

भामरागडकडे माडिया लोक आजही मेलेल्या माणसाच्या नावाने उभे दगड रोवतात. गणगोत मिळून तो आणतं, रोवतं. या रीतीत भावंडाला निदान हाताला काम मिळतं. दरवर्षी २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी शहिदांची नावं वाचली जातात, तेव्हा मांडवात धाकटेही असतात. २००९ मध्ये चौदा वर्षांचा असलेला भाऊ आता तिशीला पोचला. पंचविशीत गेलेल्या दादापेक्षा तो मोठा झाला, तरी त्याला हाक मारायची तर तो 'दादा'च म्हणणार.