न खेळलेली स्पर्धा : घाना देश आणि त्याचा फुटबॉल

सामना जिंकणाऱ्यांची आठवण जग ठेवते. हरणाऱ्यांचीही थोडीफार राहते. पण जे मैदानावर उतरलेच नाहीत, आणि मुद्दाम उतरले नाहीत, त्यांची नोंद कुणी घ्यावी? आज अशाच एका न खेळलेल्या स्पर्धेची हकीकत सांगावयाची आहे. देश आहे पश्चिम आफ्रिकेतला घाना, आणि खेळ आहे फुटबॉलचा.

प्रथम देशाची ओळख करून घेऊ. घाना गिनीच्या आखाताला लागून आहे. पश्चिमेस आयव्हरी कोस्ट, पूर्वेस टोगो, उत्तरेस बुर्किना फासो. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती ३ कोटी ८ लाखांच्या घरात. राजधानी अक्रा. शिक्षकमंडळींनी वर्गातला पृथ्वीचा गोल जरूर फिरवून दाखवावा. ज्या शून्य रेखावृत्तावरून जगाची घड्याळे लावली जातात, ते ग्रिनिचहून निघते आणि घानाच्या टेमा बंदरापाशी समुद्रात उतरते. देशात अकान, एवे, गा, दागोम्बा असे अनेक समाज नांदतात. प्रत्येकाची भाषा निराळी, राजे-मुखिये निराळे.

या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १४८२ साली एलमिना येथे किल्ला बांधला. आले होते सोन्यासाठी, म्हणून प्रदेशाचे नाव पडले गोल्ड कोस्ट, सुवर्णकिनारा. पुढे त्याच किल्ल्यांच्या तळघरांत सोन्याऐवजी माणसे कोंडली जाऊ लागली आणि गुलाम म्हणून जहाजांत भरली जाऊ लागली. १८७४ साली किनारपट्टी रीतसर ब्रिटिशांची वसाहत झाली. आतल्या भागातल्या अशांती लोकांनी मात्र सहजासहजी मान तुकवली नाही. १९०० सालचा त्यांचा अखेरचा उठाव या असांतेवा नावाच्या राजमातेने चालवला होता.

फुटबॉल आला तो बंदरावर उतरणाऱ्या गोऱ्या खलाशांबरोबर. तो रुजवला मात्र शाळेने. केप कोस्ट येथील सरकारी शाळेतल्या मुलांनी १९०३ साली 'एक्सेल्सियर' नावाचा संघ उभा केला. पुढे १९११ मध्ये अक्रा शहरात 'हार्ट्स ऑफ ओक' आणि १९३५ मध्ये कुमासीला 'असांते कोटोको' हे क्लब निघाले. कोटोको म्हणजे साळिंदर. हे अशांतींचे जुने युद्धचिन्ह. हजार मारलेत तर आणखी हजार येतील, असा त्या चिन्हामागचा अर्थ. या दोन क्लबांतली चुरस आजही सबंध देश दोन बाजूंना वाटून टाकते.

आता थोडे शेताकडे वळू, कारण पुढच्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेटे क्वार्शी नावाच्या एका लोहाराने फर्नांदो पो बेटावरून कोकोचे बी आणून लावले. चॉकलेट ज्यापासून बनते तोच हा कोको. पाहता पाहता तो सुवर्णकिनाऱ्याचे मुख्य पीक झाला. हे मळे बड्या गोऱ्या साहेबांचे नव्हते, बरे का. ती लहान शेतकऱ्यांची शेती होती. पण माल विकत घेणाऱ्या कंपन्या युरोपच्या. १९३७ साली त्या कंपन्यांनी आपसात करार करून खरेदीचा भाव बांधून टाकला. पिकवणाऱ्याने काय करावे? शेतकऱ्यांनी ठरवले, विकायचेच नाही. १९३७-३८ च्या हंगामात कोको घरात पडून राहिला, पण बाजारात गेला नाही. अखेर ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि कंपन्यांना करार बाजूला ठेवावा लागला.

तेच हत्यार पुन्हा उपसले गेले १९४८ साली. परदेशी मालाच्या महागाईविरुद्ध नी क्वाबेना बॉने या मुखियाच्या पुढाकाराने बहिष्कार पुकारला गेला. त्याच सुमारास, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, महायुद्धातून परतलेले सैनिक आपल्या मागण्या घेऊन अक्रात गव्हर्नरच्या वाड्याकडे निघाले. गोल्ड कोस्टच्या या शिपायांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर, आराकानच्या जंगलांत लढाई केली होती. आपले भारतीय जवानही त्याच आघाडीवर होते. मोर्चावर गोळीबार झाला, तीन माजी सैनिक मरण पावले आणि शहर पेटले. या वणव्यातून क्वामे एन्क्रुमा यांचे नेतृत्व पुढे आले. १९५१ ची निवडणूक त्यांनी तुरुंगात असताना जिंकली, आणि ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्टचा स्वतंत्र घाना झाला.

नव्या देशाचा ध्वज रेखाटला थिओडोसिया ओकोह या शिक्षिका-चित्रकर्तीने. तांबड्या, सोनेरी व हिरव्या पट्ट्यांच्या मधोमध एक काळा तारा. त्या ताऱ्यावरूनच राष्ट्रीय संघाला 'ब्लॅक स्टार्स' म्हणू लागले. १९५१ साली याच भूमीचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर अनवाणी खेळला होता. आपलाही संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणीच उतरला होता, हे पुष्कळांस ठाऊक असेल. अवघ्या अकरा वर्षांनी, १९६२ साली, त्याच घानाने अक्रात रेआल माद्रिदसारख्या बलाढ्य क्लबाशी ३-३ अशी बरोबरी साधली.

एन्क्रुमांना फुटबॉलचे मोल नेमके कळले होते. भाषा वेगळी, राजा वेगळा, पण संघ एक. अकरा जणांत सारा देश एकत्र पाहता येतो. क्रीडाविभागाचे प्रमुख ओहेने जान यांच्या हाती त्यांनी पैसा व अधिकार दिले. १९६३ साली घानाने आफ्रिका चषकाचे यजमानपद घेतले आणि अंतिम सामन्यात सुदानला ३-० ने हरवले. १९६५ साली ट्युनिसला जाऊन यजमान ट्युनिशियाला ३-२ ने नमवले. दोन्ही वेळा मार्गदर्शक होते घानाचेच सी. के. ग्याम्फी.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. एन्क्रुमांनी १९६१ मध्ये 'रिअल रिपब्लिकन्स' नावाचा क्लब काढून इतर क्लबांचे उत्तम खेळाडू त्यात ओढले. त्याबद्दल क्लबांची नाराजी होती. राजकारणातही तोच प्रकार. विनाचौकशी कैदेचा कायदा १९५८ सालीच आला होता आणि १९६४ मध्ये देशात एकच पक्ष उरला. सर्वांना एकत्र आणू पाहणारा माणूस विरोधी शब्द ऐकेनासा झाला.

आणि आता ती न खेळलेली स्पर्धा. १९६६ च्या विश्वचषकात सोळा जागा होत्या. यजमान इंग्लंड धरून युरोपला दहा, दक्षिण अमेरिकेला चार, उत्तर व मध्य अमेरिकेला एक. उरली एक. ती आफ्रिका, आशिया आणि ओशिआनिया या तिघांत मिळून! आफ्रिकेचा विजेता झाला तरी त्याला पुन्हा आशियाच्या विजेत्याशी झुंजायचे होते. शिवाय वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉल मंडळावरचे निलंबन फिफाने १९६३ साली उठवले होते. ओहेने जान आणि इथिओपियाचे येद्नेकाचू तेसेमा यांनी आवाज उठवला. दक्षिण आफ्रिकेवर १९६४ मध्ये पुन्हा निलंबन आले, पण जागा काही मिळाली नाही. मग आफ्रिकेतल्या देशांनी स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. कोकोच्या शेतकऱ्याने जे केले, तेच आता खेळाडूंनी केले. फिफाने दंड ठोठावला. तरी पात्रता सामन्यांत एकही आफ्रिकी संघ उतरला नाही.

जुलै १९६६ मध्ये इंग्लंडात स्पर्धा झाली, तेव्हा एन्क्रुमा सत्तेवर नव्हते. २४ फेब्रुवारीला ते परदेशी असताना लष्कराने त्यांचे सरकार उलथवले. १९७२ साली ते परभूमीतच वारले. 'रिअल रिपब्लिकन्स' क्लबही मोडला. पण बहिष्कार फुकट गेला नाही. १९७० च्या विश्वचषकापासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. १९८२ मध्ये दोन झाल्या, १९९८ मध्ये पाच, आणि २०२६ च्या अठ्ठेचाळीस संघांच्या स्पर्धेसाठी थेट नऊ.

मात्र १९७० ची ती पहिली जागा घानाला लाभली नाही. ती मोरोक्कोने मिळवली. घानाने १९७८ आणि १९८२ मध्ये आफ्रिका चषक पुन्हा जिंकला, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले, पण विश्वचषकाचे मैदान पाहायला २००६ साल उजाडावे लागले. २०१० मध्ये तर उरुग्वेविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी मिळालेली पेनल्टी गोलाच्या आडव्या दांड्यावर आदळली आणि उपांत्य फेरी हुकली. त्या दिवशी सारी आफ्रिका हळहळली.

१९६३ आणि १९६५ चे विजेते खेळाडू ऐन उमेदीत होते. विश्वचषकात ते कुठवर गेले असते, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते खेळलेच नाहीत. शेतकऱ्याचा अडवून धरलेला कोको पुढच्या हंगामी पुन्हा पिकतो. खेळाडूची उमेदीची वर्षे पुन्हा येत नाहीत. आज आफ्रिकेचे संघ विश्वचषकात राष्ट्रगीतासाठी रांगेत उभे राहतात, तेव्हा त्या रांगेची किंमत ज्यांनी आधी मोजली, त्यांत ही घानाची पिढी आहे.