अरबी समुद्रावरील विमान-निरीक्षणे : १९६३ चा पावसाळा

अरबी समुद्रावरील मोसमी हवेचे १९६३ पूर्वीचे ज्ञान मुख्यतः जहाजांच्या नोंदींवर उभे होते; जहाजावरून वारा, दाब आणि पाण्याचे तापमान कळत असले, तरी चार-पाच किलोमीटर उंचीवर काय चालले आहे याचा त्यावरून अंदाज येत नसे, आणि किनाऱ्यावरून सोडलेले फुगे वरच्या हवेची जी खबर देत, ती किनाऱ्यालगतचीच असे.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने ही उणीव काही अंशी भरून काढली. त्या मोहिमेसाठी १९६३ मध्ये मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले, हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज यांनी हवामानविषयक कार्यक्रमाची सूत्रे सांभाळली, आणि अमेरिकन हवामान खात्याची डीसी-६ जातीची चार इंजिनी विमाने त्या पावसाळ्यात मुंबईहून समुद्रावर जाऊ लागली. विमान ज्या उंचीवरून जाई तेथील वारा डॉप्लर रडारच्या साहाय्याने काढला जाई. खालच्या थरांसाठी ‘ड्रॉपसोंड’ टाकला जाई, म्हणजे छोट्या हवाई छत्रीला बांधलेले असे उपकरण, जे खाली येता येता दाब, तापमान व आर्द्रता रेडिओने कळवते. वाऱ्याची माहिती मात्र त्या काळच्या ड्रॉपसोंडकडून मिळत नसे, ही मर्यादा पुढील निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

जुलैच्या पूर्वार्धात गुजरात-उत्तर कोकणच्या किनाऱ्यासमोर विमानांना जे आवर्त सापडले, ते या उड्डाणांचे सर्वांत मोठे फलित होय. जमिनीलगत क्षीण, पण सुमारे चार किलोमीटरवर, म्हणजे ६०० मिलिबार दाबाच्या पातळीजवळ, सर्वाधिक जोरदार असलेल्या या रचनेला ‘मध्यतपांबरी चक्रवात’ म्हणतात (तपांबर म्हणजे वातावरणाचा सर्वांत खालचा थर). समुद्रसपाटीच्या नकाशावर ठळक कमी दाब दिसत नसतानाही या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस का पडू शकतो, याचे एक पटण्याजोगे उत्तर त्यातून मिळाले. एफ. आर. मिलर व आर. एन. केशवमूर्ती यांनी १९६८ मध्ये या आवर्ताची रचना ग्रंथरूपाने मांडली. त्यांचे प्रसिद्ध चित्र मात्र कोणत्याही एका दिवसाचे नसून अनेक दिवसांची निरीक्षणे एकत्र करून साधलेले आहे, आणि हे पुष्कळदा विसरले जाते.

१९७९ च्या ‘मॉनेक्स’ या मोसमी हवेच्या अभ्यासमोहिमेत विमाने पुन्हा मुंबईहून उडाली आणि जूनमध्ये मोसमी पावसाच्या आगमनाबरोबर अरबी समुद्रात तयार झालेल्या आवर्ताची त्यांनी पाहणी केली. तरीही मध्यतपांबरी चक्रवाताच्या वर्णनासाठी अभ्यासक १९६३ च्याच निरीक्षणांकडे वळत राहिले.