सुरतेत मराठी हळू बोला

पिंपळनेरच्या स्टँडवरून सुरतेची गाडी पकडायची सवय आज विसरा. खिडकीची जागा, नवापूरला चहा, उधन्याला घ्यायला आलेला मावसभाऊ, सगळंच विसरा. 1666 चा जानेवारी आहे. तुमच्या खांद्यावर घोंगडी आहे, पायातला नवा जोडा चावतोय आणि नाकासमोर एका बैलाचं शेपूट हलतंय. पुढचे आठ-दहा दिवस हेच शेपूट बघायचंय, तेव्हा त्याच्याशी जमवून घ्या.

बैल एकटा नाही. हा लमाणांचा तांडा आहे, मोजायला बसलात तर दुपार होईल. झां बातिस्त तावर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच काळात या मुलखातून फिरला. तो लिहितो की असे तांडे दहा-बारा हजार बैलांचेही असतात, आणि अरुंद वाटेवर समोरून एखादा आला तर तो सरेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागतं. (आपण कोंडाईबारीच्या घाटात ट्रकमागे तासभर अडकलो तरी जगाला शिव्या घालतो.) सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याची वाट सांगताना त्याने आपल्या गावाचंही नाव टिपलंय: पिपेलनार. फ्रेंच जिभेला ळ कुठून यायचा! आपल्या अहिराणीला तरी तो कुठे येतो? आपणही पिंपयनेरच म्हणतो.

घाट उतरता उतरता अंगावर इतकी धूळ बसते की घाम आला की चिखल होतो. सागाची पानं पायाखाली कुरकुरतात. रात्री गोण्या उतरवून त्यांची भिंत रचतात, मधे शेकोटी, भोवती बैल. शेणीचा धूर डोळ्यांत जातो, कळण्याची भाकरी दाताखाली करकरते, कारण जात्यातली खडी फुकट मिळते. झोप लागेपर्यंत घुंगरं वाजत राहतात आणि थांबली की दचकून जाग येते.

नवापूरला तांड्याने तांदूळ भरला. हा तांदूळ नीट बघून घ्या. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वासाला कस्तुरी. तावर्निये म्हणतो, इकडचे मोठे लोक दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कुणाला खूश करायचं असेल तर याची एक गोणी पाठवतात. तुम्ही ती गोणी पाठीशी घेऊन झोपता. सकाळी तुमच्या घोंगडीला इराणच्या शहाला शोभेल असा वास येतो. तुमच्या अंगाचा वास वेगळा आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं.

व्यारा, बारडोली मागे पडते. हवा दमट होते, कपडे अंगाला चिकटू लागतात. आणि मग सुरत दिसायच्या आधी सुरतेचा वास येतो: सुकी मासळी, घोड्यांचं मूत, हिंग, ओला चिखल आणि मधूनच कुठून तरी अत्तर. शहराभोवती मातीच्या जुन्या कोटाच्या जागी विटांचा नवा कोट बांधायला घेतलाय. गाढवं विटा वाहतायत, चुन्याची भुकटी उडतेय, मुकादम ओरडतोय. हा कोट कशासाठी, ते विचारू नका. तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

दोनच वर्षांपूर्वी, 1664 च्या जानेवारीत, महाराज येऊन गेले. तुम्ही दाटीत सापडता, सवयीने म्हणता, “अहो, जरा सरका!” आणि चार माणसं खरोखर सरकतात. एक शेटजी तर दुकानाची फळीच लावायला घेतो. एरवी कुठल्या शहराने मराठी माणसाला इतक्या पटकन वाट करून दिली असेल? पण कोतवालाचा माणूस वळून बघतोय. इथे अहिराणी कामाला येते. “मी पिंपयनेरना शे भो.” त्यातला ‘ना’ गुजरातीला ओळखीचा, ‘शे’ तर ‘छे’चा सख्खा भाऊ. शेटजीच्या कपाळावरच्या आठ्या उतरतात. फळी मात्र अर्धी लावलेलीच राहते.

आता गल्लीत शिरा. शिरा म्हणजे काय, गर्दीच तुम्हाला आत ओढून नेते. एका कोपराला रेशमाचा गठ्ठा घासतो, दुसऱ्याला उंटाची मान. पालखीचे भोई ओरडत येतात, त्यांना वाट द्यावी तर मागून बैलगाडी. फारसी, अरबी, आर्मेनियन, गुजराती. हबशी खलाशी, पारशी सुतार, बोहरी, लाल तोंडाचे टोपीकर. हजच्या जहाजांची वाट बघणाऱ्या यात्रेकरूंसाठी 1644 मध्ये बांधलेली मोठी सराई इथेच आहे. (आज त्या इमारतीत सुरत महापालिका बसते.) नदीकाठच्या फुरज्यावर, म्हणजे जकातनाक्यावर, एका फिरंग्याची झडती चाललीय. टोपी, कमरपट्टा, जोडे, सगळं उतरवून शिपाई त्याला चाचपतायत. दडवलेले मोती नाहीतर सोनं सापडतंय का ते बघायचंय. तो संतापाने लालबुंद झालाय. आधीच लाल असल्यामुळे फारसा फरक कळत नाही.

किल्ल्यासमोरच्या मैदानात मालाचे डोंगर उघड्यावर पडलेत आणि आपला तांदूळही तिथेच विकायचाय. तांड्याचा नाईक आणि दलाल समोरासमोर उकिडवे बसतात. मधे एक शेला. शेल्याखाली हातात हात, तोंडातून शब्द नाही. पंजा धरून दाबला की हजार, पाच बोटं धरली की पाचशे, एक बोट शंभर, मधल्या पेरापर्यंतचं अर्धं बोट पन्नास, नुसतं टोक म्हणजे दहा. शेला हळूच हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. दलाल आभाळाकडे बघतोय, नाईक बैलाच्या खुराकडे. आजूबाजूला पन्नास माणसं उभी, पण भाव कुणालाच कळत नाही. तुम्हाला मात्र हे पाहिल्यासारखं वाटतं, कारण बैलबाजारात रुमालाखाली तुमच्या आजोबांचीही बोटं अशीच चालायची. अचानक नाईक हात काढून घेतो आणि थुंकतो. म्हणजे सौदा झाला की मोडला? तो हसतो. झाला.

तुमच्या वाटणीला थोडे पैसे आणि मूठभर बदाम येतात. खाऊ समजून तुम्ही एक तोंडात टाकता आणि जीभ कडूजहर होते. हे इराणातून येणारे कडू बदाम, सुरतेची चिल्लर. पस्तीस-चाळीस बदामांचा एक पैसा. तुम्ही आत्ता सुटे पैसे खाल्लेत.

तोंडाची चव घालवायला चहा मिळेल का? मिळेल, हसू नका. टोपीकरांच्या वखारींत रोज चहा होतो आणि बनियांनाही त्याची गोडी लागलीय. दूध नाही, पण मसाला घालून उकळलेला, बरोबर खडीसाखर. म्हणे डोकं दुखायचं थांबतं. तुमचं थांबतं का बघा, या गोंगाटात शक्यता कमी.

रात्री झोपायचं कुठे? सराईत जागा नाही. इथे मुक्या जनावरांसाठी पांजरपोळ आहे आणि ढेकणांचीही सोय केली जाते. वीसेक वर्षांनी येणारा ऑव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री लिहील की एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवतात, ढेकणांचं पोट भरावं म्हणून. तो पळून जाऊ नये म्हणून बांधूनही ठेवतात. निवारा फुकट, वर मजुरी. विचार करून ठेवा.

तुम्ही नकार देऊन बैलांबरोबर तापीच्या काठाला येता. ही नदी परकी नाही. आपली पांझरा पार धुळ्याला वळसा घालून शेवटी हिलाच मिळते, म्हणजे लाटीपाड्याकडचं पाणी तुमच्यासारखंच इथवर आलंय, फक्त लांबच्या वाटेने. अंधार पडता पडता होड्यांचे दोर ताणले जातात, काठच्या चिखलात खेकडे बिळात पळतात आणि पाणी उलटं चढू लागतं. समुद्राची भरती. पलीकडे तरंगणारी झेंडूची माळ तुमच्या डोळ्यांदेखत वरच्या अंगाला, खानदेशाच्या दिशेला जाऊ लागते. बैल तोंड बुडवतो, एक घोट घेतो, फुरफुरून मान झटकतो आणि तुमच्याकडे असा बघतो की जणू पाणी तुम्हीच खारट केलंय.